विसरण्याची तालीम

आमच्या पाड्यावर सर्वे येणार अशी कुणकुण लागली की पहिल्यांदा मिक्सर लपतो. मग टीव्हीवर गोधडी पडते, मोटारसायकल पलीकडच्या गावात सोयऱ्याच्या पडवीत जाऊन उभी राहते आणि चांगले धडधाकट म्हातारे खोकायला लागतात. यात कुणालाही काही गैर वाटत नाही. पाऊस भरून आला की पेंढा आत घेतात, तसंच हे. आजवर जेवढे साहेब गाडीतून उतरले तेवढ्यांनी "तुमच्याकडे काय नाही?" एवढंच विचारलं. नाही म्हणणाऱ्याला काहीतरी मिळालं, आहे म्हणणारा हात हलवत घरी गेला. एवढं झाल्यावर माणूस शिकणारच.

मी मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत मास्तरीण होते. निवृत्त झाले आणि नवऱ्याच्या गावी, वांगणीला येऊन राहिले. ठाण्याकडची वांगणी नव्हे. आमची जव्हारच्या पलीकडे, वावर गावाच्या अंगाला आहे. तिथला रस्ता कागदावर केव्हाच पोहोचलाय, डांबर यायचं बाकी आहे. नवरा शेतकरी. भात, नागली म्हणजे नाचणी, बांधावर थोडी तूर. आमच्यात नवऱ्याला अहो-जाहो करत नाहीत. शाळेतल्या बाकीच्या बाया "अहो, ऐकलंत का" करायच्या तेव्हा मला हसू यायचं. मी "ऐक रे" म्हणते आणि तोही ऐकतो, बहुतेक वेळा.

साखरेच्या आजाराने त्याची मूत्रपिंडं गेली. जव्हारला एका ट्रस्टने डायलिसिसची खोली काढली होती. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या मुली चांगल्या होत्या. तिथे आठवड्यातून तीनदा जायचं. उन्हाळ्यात त्रास होतो, पण जमतं. पावसाळ्यात ओढा चढला की जमत नाही. मागच्या पावसाळ्यात त्याच्या काही खेपा चुकल्या. अंगावर सूज चढली, आडवं पडता येईना, दोन शब्द बोलला की धाप लागायची. शेवटी चादरीची डोली करून पोरांनी त्याला ओढ्यापलीकडे नेलं. मी मागून चालत होते आणि चादरीतून बाहेर आलेला त्याचा पाय बघत होते. मला तेव्हा रडूही आलं नाही, नुसता राग आला. ओढ्याचा, रस्त्याचा, त्याच्या गोड खाण्याचा, सगळ्याचा. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: पुढचा पावसाळा या माणसाने पार केला पाहिजे.

आता माझ्या दिराबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट घडलीच नसती. नवऱ्याचा थोरला भाऊ. एकदा ग्रामपंचायतीत निवडून आला होता, तेव्हापासून सरकार कसं चालतं ते फक्त त्यालाच समजतं. कोणती योजना कुठल्या टेबलावर अडते, कोणत्या साहेबापुढे लंगडायचं आणि कोणत्यापुढे नुसतं उसासायचं, सगळं तोंडपाठ. माणूस प्रेमळ. भावासाठी जीव देईल. पण जीव देण्याआधी सल्ला देईल, आणि तिथेच घोटाळा होतो.

डायलिसिसच्या खोलीत पहिलं संशोधन आलं ते जखमेचं. साखरेच्या आजारात जखम लवकर भरत नाही, ती कशाने भरते हे त्यांना बघायचं होतं. नवऱ्याच्या पायाला गवत कापताना विळा लागला होता, म्हणून त्यालाही घेतलं. दर खेपेला एक मुलगा यायचा, जखमेशेजारी छोटी पट्टी चिकटवायचा आणि फोटो काढायचा. आमच्या लग्नात माझा एकही फोटो निघाला नाही. त्या जखमेचे इतके निघाले की ती भाव खायला लागली. मी रोज उकळून गार केलेल्या पाण्याने पाय धुवायचे, माशी बसू द्यायचे नाही. जखम भरली. त्या मुलाने फोटो काढला, खूश झाला, आणि "आता तुम्ही अभ्यासातून मोकळे" म्हणून एक प्रमाणपत्र दिलं. जखम भरल्याबद्दल प्रमाणपत्र. ते आमच्या भिंतीवर अजून आहे.

शेजारच्या खाटेवरच्या बाईची जखम मात्र भरेना. तिला नवं मलम मिळालं, शहरातून आलेली पट्टी मिळाली, ताकदीच्या पावडरचे डबे मिळाले आणि वर एक चादर मिळाली. दीर ती चादर बोटांनी चाचपून बघून आला. मग भावाच्या पायाकडे बघत म्हणाला, "तुझी जखम फार घाईत भरली." त्याने इतक्या दुःखाने ते म्हटलं की नवऱ्याने पाय गोधडीखाली घेतला.

मी बोलले त्याला. म्हटलं, "भाऊजी, पाय सडला असता तर चादर कुठे पांघरली असती त्याने?" तो म्हणाला, "तसं नाय गं मास्तरीण. पण यांचा हिशोब समजून घे. जितका वाईट, तितका जास्त." आणि हे त्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं. छप्पन्न भानगडींतून गेलेली माणसं ती, त्यांना लगेच पटलं.

असं सगळं तयार असताना स्मरणशक्तीचं संशोधन आलं.

शहरातून एक डॉक्टरीण आली, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी, आणि बरोबर दोन मदतनीस. त्यांनी आधी सगळ्यांना एक कागद वाचून दाखवला. "सदर अभ्यासातील सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याची मुभा राहील." मराठीच होतं ते, मी शपथेवर सांगते. पण आमच्याकडे माणूस घरात वेगळं बोलतो, बाजारात वेगळं बोलतो, आणि या दोन्हीत "सदर" कुठेच येत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. डायलिसिसचं यंत्र सुरू असताना माणूस कशालाही मान डोलावतो. मी दिराला विचारलं, नेमकं कशासाठी आहे हे? डॉक्टरणीलाही विचारलं. ती गोड हसून म्हणाली, "ते आधी सांगता येत नाही. सांगितलं तर उत्तरं बिघडतात."

झालं. जे सांगत नाहीत ते मोठंच असणार. दिराने खाटांमधून एक फेरी मारली. मी भाकरीचं फडकं सोडत होते, तेव्हा त्याचं कुजबुजणं माझ्या कानावर आलं. "डोक्याचं आहे. विसरणाऱ्याला पेन्शन असेल. नायतर गोळ्या तरी. विचारलं तर काय आठवत नाय म्हणा. पण बेताने. एकदम सगळं विसरू नका, संशय येतो."

बेताने कोण विसरतो? एकाने सुरुवात केली आणि दुसऱ्याला वाटलं, हा आपल्यापुढे गेला. पहिला वार विसरला. दुसरा महिना विसरला. तिसऱ्याने आपल्याला पोरं किती ते सांगायला नकार दिला. एका म्हातारीला तर ती कुठल्या गावची तेच आठवेना, आणि मग जाताना "माझ्या गावची जीप निघून जाईल" म्हणून तिने घाई केली. डॉक्टरीण बिचारी सगळं लिहून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं तेज चढत गेलं की मला वाटलं, हिला यातून मोठी पदवी मिळणार.

मग माझ्या नवऱ्याची पाळी. पडदा होता, पण पडद्याला कान नसतात असं कुणी सांगितलं? मी अलीकडेच बसले होते. महिना कोणता? "माना ठावं नाय." आपण कुठल्या गावात बसलोय? "दवाखान्यात." हे गाव कोणतं? "दवाखान्याचं." इथपर्यंत मलाही हसू येत होतं. मग डॉक्टरणीने पडदा बाजूला केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"या कोण?"

त्याने माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या हातात त्याच्यासाठी पहाटे उठून थापलेली नागलीची भाकर होती. आणि हा माणूस शांतपणे म्हणाला, "दवाखान्यातली बाई असंल कोन तरी."

इतक्या वर्षांचा संसार. दोन पोरं, एकीचं लग्न, एका बैलजोडीचं मरण, आणि मी दवाखान्यातली बाई. नाटक आहे हे मला ठाऊक होतं. तरी लागायचं ते लागलंच. मी भाकर परत फडक्यात बांधली आणि म्हटलं, "मग दवाखान्याचंच जेवण जेव." त्या दिवशी तो बिस्किटावर राहिला. परतताना जीपमध्ये तो कोपऱ्यातून हसत होता. त्याची ती सवयच आहे, थट्टा केली की डाव्या गालाला खळी पडते. मी वावर येईपर्यंत बोलले नाही.

निकाल लागला आणि कपाळाला हात लावायची वेळ आली. ते संशोधन होतं घरी करायच्या डायलिसिसचं. पोटात एक नळी बसवतात, पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं, परत नवं सोडायचं. घरी, आपल्या हाताने. यंत्र नको, जीप नको, ओढा ओलांडायला नको. पिशव्या फुकट, पेट्या गावापर्यंत पोहोचवणार. फक्त एक अट: हात धुणं, तोंडाला फडकं, टोपण, चिमटा, सगळं क्रमाने आठवायला हवं. चुकलं तर पोटात जंतू जातात आणि माणूस दगावतो. म्हणून ज्यांची स्मरणशक्ती चांगली, त्यांनाच निवडायचं होतं.

आणि निवडला गेला एकच. एक दुकानदार. तो कुणात मिसळायचा नाही, म्हणून दिराची कुजबुज त्याच्यापर्यंत गेली नव्हती. त्याने वार, महिना, गाव, बायको सगळं धडाधड सांगितलं होतं. त्याचं घर डायलिसिसच्या खोलीसमोरच होतं. रस्ता ओलांडला की खाट. त्याला घरी डायलिसिस मिळालं, आणि आम्हाला, ओढ्यापलीकडच्यांना, स्मरणशक्ती वाढवण्याच्या व्यायामाचं एक रंगीत पत्रक मिळालं. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे तर आम्ही डोळे उघडे ठेवून दळलं होतं.

दीर दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो दाराबाहेरच उभा. मी आत या म्हटलं नाही. तो म्हणाला, "यांनी हिशोब बदलला." मी म्हटलं, "हिशोब नाय बदलला भाऊजी. तुम्ही हात दाखवून अवलक्षण केलंत." पण त्याचा चेहरा बघून माझाच राग ओसरला. तो रात्रंदिवस भावाच्याच विचारात असतो, एवढं मला दिसतं.

मी डॉक्टरणीकडे गेले. सगळं सांगितलं. मिक्सर, गोधडी, मोटारसायकल, चादर, सगळं. म्हटलं, "बाई, माझ्या नवऱ्याला सगळं आठवतं. मी त्याला लग्नानंतर पहिल्या वर्षी काय बोलले होते ते तो अजून काढतो. हे नाटक होतं." तिने माझा हात हातात घेतला. "आजी," ती म्हणाली, "जवळच्या माणसांना हे स्वीकारायला वेळ लागतो. हे नाकारणं अगदी स्वाभाविक आहे."

मी तिला म्हटलं, "मी तुझी आजी नाय. मी मास्तरीण आहे. मुलगा खरंच विसरलाय की पाठ केलंच नाय, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून समजतं."

तिने माझा हात सोडला आणि पुढचा कागद ओढला. पण एका दुकानदारावर संशोधन होत नाही. तिच्या वरच्या साहेबांना माणसं हवी होती, नाहीतर सगळा कारखाना बंद पडला असता. म्हणून भर उन्हाळ्यात परत परीक्षा घ्यायची ठरली. वेगळे प्रश्न, वेगळी चित्रं.

मग आमच्या पाड्यावर जे सुरू झालं ते मी आश्रमशाळेत दहावीच्या मुलांसाठीही बघितलं नव्हतं. दीर आता आठवण्याचा मास्तर झाला. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस नवऱ्याला विचारायचा, वार कोणता? पाणी भरायला निघालेल्या पोरी उंबऱ्याशी थांबून विचारायच्या, महिना कोणता? तो शिंदीच्या झाडाखाली बसला तर तिथे कुणीतरी जाऊन त्याला शंभरातून सात वजा करायला लावायचं. एकदा तो वैतागून म्हणाला, "डायलिसिस परवडला." मी हसले. मी त्याला रोज संध्याकाळी पाच शब्द द्यायचे आणि भाकरी झाल्यावर परत मागायचे. तो द्यायचा. कधी चार द्यायचा. एखाद्या दिवशी तीन. मी म्हणायचे, दमलास तू. दमायचाच तो.

परीक्षेला तो पास झाला. सगळी खोलीच पास झाली. जी म्हातारी गाव विसरली होती तिने गाव, पाडा, पाड्याचा रस्ता आणि त्या रस्त्याचं टेंडर कुणी खाल्लं तेही सांगितलं. पोरं किती ते सांगताना एकाने नातवंडंही मोजली. डॉक्टरीण थक्क. मदतनीस थक्क. वरचे साहेब स्वतः गाडी करून आले आणि म्हणाले की त्या रंगीत पत्रकातल्या व्यायामाचा परिणाम अभूतपूर्व आहे. ते पत्रक आमच्याकडे पीठ चाळताना खाली अंथरायला होतं. कुठेतरी परदेशात मोठ्या सभेत हे वाचून दाखवतील, दाखवू देत.

माझ्या नवऱ्याला शेवटी परत तेच विचारलं. माझ्याकडे बोट दाखवून, "या कोण?"

"मास्तरीण," तो म्हणाला. "हिला इसरलो तर भाकर कोन देल?"

सगळे हसले. डॉक्टरीणही हसली. मला बरं वाटलं, लपवत नाही. लाजही वाटली थोडी.

पोटात नळी बसली. ती जखम भरेपर्यंत दीर रोज येऊन विचारायचा आणि म्हणायचा, "ही घाईत भरू दे." भरली. मला आणि नवऱ्याला दोघांनाही शिकवलं. पेट्या जीपमधून ओढ्यापर्यंत आल्या आणि तिथून पोरांनी डोक्यावरून आणल्या, ओढ्याला पाणी यायच्या आत. आतल्या खोलीला दिराने स्वतः चुना मारला. पिशवी टांगायला आढ्याला आकडा ठोकला. मग ओढा चढला, रस्ता गेला, आणि माझा नवरा पडवीत बसून पाऊस बघत होता. अंगावर सूज नाही, धाप नाही. मी चुलीपाशी बसून दुरून त्याच्याकडे बघत राहायचे आणि मला देवाचे आभार मानावेसे वाटायचे. मग आठवायचं की आभार तर दिराचेही मानायला हवेत, आणि ते काही माझ्याने होत नव्हतं.

माझ्या मनात एक गोष्ट राहिली होती, म्हणून मी त्याला त्या भाकरीवरून छळायचे. ताट पुढे ठेवताना म्हणायचे, "घे, दवाखान्यातली बाई आली." तो हसायचा. गालाला खळी पडायची.

भाताची लावणी संपली त्या सुमाराची गोष्ट. मी ताट ठेवलं आणि सवयीने म्हटलं, "दवाखान्यातली बाई आली."

त्याने मान वर केली. "कोन बाई?"

"मी. तूच म्हणाला होतास ना डॉक्टरणीला."

"मी? तुला?" तो माझ्याकडे बघत राहिला. "कवा?"

मी त्याच्या गालाकडे बघितलं. खळी नव्हती. मी म्हटलं, अरे, भाऊजींनी सगळ्यांना विसरायला सांगितलं होतं, तू मला ओळखलं नाहीस, मी भाकर परत बांधली, तू बिस्किटं खाल्लीस. तो ऐकत होता. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसा, मन लावून. मग म्हणाला, "असा कसा म्हनन मी तुला? खोटा सांगतंस." आणि भाकर मोडली.

विसरायचं नाटक केलं होतं, तेच तो विसरला होता. मुलांच्या तोंडाकडे बघून मला समजतं, असं मी त्या डॉक्टरणीला ऐकवलं होतं. मला समजलं. संध्याकाळचे ते तीन शब्दही मला समजले.

त्या दिवसापासून पिशवी मी लावते. तो हात धुतो, मी शेजारी उभी राहून पाढे म्हणावेत तसा क्रम म्हणते, आणि टोपण, चिमटा, नळी माझ्या हाताने होतं. तोही म्हणतो माझ्याबरोबर. दिराला मी सांगितलं. तो तिथेच उंबऱ्यावर टेकला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना कळू द्यायचं नाय. पिशव्या बंद करतील." आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा सल्ला पटला.

पाऊस ओसरला की जव्हारला तपासणीला जायचंय. डॉक्टरीण परत विचारणार. मिक्सर लपवणं सोपं असतं, त्यावर गोधडी टाकता येते. हे कसं लपवायचं ते मला माहीत नाही. मला भीती वाटते, तपासणीची वाटते आणि तपासणीपेक्षा रोज सकाळची जास्त वाटते. तो हात धुवायला बसतो, मी पाणी ओतते आणि विचारते, वार कोणता. तो सांगतो. महिना कोणता. तो बाहेर बघतो, भात बघतो आणि सांगतो. मग मी तांब्या खाली ठेवते आणि विचारते, "मी कोण?"

"मास्तरीण," तो म्हणतो.

अजून तरी लगेच म्हणतो.